आप्पांच्या जीपचे दिवे

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तपासणीला आहे. दिवसभर हातात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन ओतलेल्या तुकड्यांत खोट काढायची, हेच माझं काम. हा केसभर जाड आहे, परत पाठवा. ह्याला आत पोकळी असणार, बाजूला ठेवा. अशा नोकरीत भिणारा माणूसच टिकतो. बेफिकीर माणूस सहा महिन्यांत घरी जातो.

घरी आल्यावरही माझं तेच चालतं, फक्त माल लहान. अनगोळातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी एक टेबल आहे. तिथं मी चोवीसपट लहान गाड्या जोडतो. खोक्यातनं प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, चौकटीला सुटे भाग चिकटलेले असतात. एकेक भाग कटरनं सोडवायचा, कानशीनं घासायचा, चिमट्यात धरून चिकटवायचा, मग रंग. आरसा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. एकदा चिमट्यातनं उडाला की गुडघ्यावर बसून अख्खी खोली झाडायची. लोक म्हणतात, एवढा मोठा बाप्या झालास, लग्न केलं न्हाईस, आणि खेळण्यातल्या गाड्या काय करतोस. म्हणू देत. घरात मी आणि आई, दोघंच. तिला त्याचं काही वाटत नाही, मग बाकीच्यांना कशाला वाटायला पाहिजे?

पाचसहा गाड्या झाल्यावर मी आप्पांची जीप करायला घेतली. आप्पा म्हणजे माझे वडील. येळ्ळूर ते बेळगाव जीपमधनं शिटा भरून वडाप करायचे. ते गेल्यावर जीप वर्षभर दारात उभी राहिली आणि मग भंगारात गेली. तेव्हा मी फोटोसुद्धा धड काढून ठेवला नव्हता. किट एका परदेशी लष्करी जीपचं होतं. मी त्याला जुन्या छत्रीच्या कापडाचं हूड घातलं, मागं लोंबकळणाऱ्यांसाठी पायरी जोडली, पुढं पाटी लावली, वर मराठीत आणि खाली कन्नडात गावाचं नाव. एकदा कुणीतरी मराठीवर डांबर फासलं होतं. आप्पांनी रॉकेलनं पुसलं, तरी एका कोपऱ्यात डाग राहिला होता. तो डागही मी सुईच्या टोकानं लावला.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की दिवाळी होऊ दे, संक्रांत होऊ दे, असं तिचं चाललं होतं. मी जीप तिच्या मांडीवर ठेवली तर तिनं बोटांनी चाचपून बघितली. हूड, आरसा, चाकं, सगळं झालं, आणि मागच्या पायरीवर बोट थांबलं. ती म्हणाली, ही पायरी वाकडी होती, डाव्या अंगाला. खरंच होती. मी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी मेणबत्तीवर धरून वाकवली.

तिला बाकी काही दिसत नव्हतं, पण उजेड कळायचा. म्हणून मी जीपला दिवे बसवायचं मनावर घेतलं. दोन बारक्या एलईडी, केसासारखी तार, आणि सीटखाली एक बटणाचा सेल. चपटा, गोल, चकचकीत, रुपयाएवढाच; फक्त जाडीला थोडा जास्त. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा आईनं लगेच तोंड तिकडं वळवलं. गाडी आली बघ, म्हणाली, आणि हसली. त्या हसण्याचा मला लई अभिमान होता.

मग आली खंडेनवमी. आदल्या दिवशी धाकटी बहीण निपाणीहून तिच्या लेकीला घेऊन आली होती. भाची दीड वर्षाची, नुकती पळायला लागलेली, आणि दिसेल ते तोंडात घालणारी. भावजींचा टेंपो आहे, त्याची पूजा दुपारनंतर निपाणीत होती, म्हणून बहीण बाराच्या सुमाराला निघणार होती. आमच्याकडं पूजा सकाळी. मोटारसायकल, आईचं शिलाई मशीन, विळी, माझा हत्यारांचा डबा, आणि आईच्या हट्टानं आप्पांची जीप. इतकी वर्षं ती त्या जीपची पूजा करत आलती, आता लहान झाली म्हणून काय सोडायची?

आई जमिनीवर बसून पितळी ताटात विडे लावत होती. पानं पुसायची, पानावर सुपारी, सुपारीशेजारी रुपया. मी तिच्यासमोर बसून जीपला नवा सेल घालायच्या तयारीत होतो, कारण जुना मंद झाला होता. सेलचं पाकीट कात्रीशिवाय उघडत नाही. त्यावर रांगत्या पोराचं चित्र आणि त्याच्यावर लाल फुली असते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि मी ते सगळं वाचलेलं होतं. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते, भोक पडतं, पोर दगावतं. मला पाठ होतं ते. पाकीट कापलं, सेल हातात आला, आणि तेवढ्यात बाहेरनं बहीण ओरडली की बाळ पाण्याच्या टबाकडं चाललंय, धर. मी उठलो. खाली ठेवला तर सेल घरंगळेल, हरवेल, म्हणून काठ असलेलं जे समोर होतं त्यात टाकला. ते आईचं ताट होतं. टण्ण असा आवाज झाला. मी धावत जाऊन बाळाला टबापासनं उचललं, आणि केवढी काळजी घेतो आपण, असं मनात म्हटलेलं मला आजही आठवतंय.

त्यानंतर मोटारसायकल धुतली, झेंडूचा हार बांधला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सेल डोक्यातनं गेला. जीपची पूजा जुन्याच सेलवर झाली. बहीण निघाली तेव्हा आईनं ताटात हात घालून बाळाच्या मुठीत खाऊला म्हणून एक नाणं दाबलं. बाळानं मूठ उंच करून दाखवली. बोटांच्या फटीतनं काहीतरी चकाकलं. मी टाळ्या वाजवल्या. मग रिक्षा आली आणि मायलेकी स्टँडवर गेल्या.

पूजा झालेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, अशी आमची रीत आहे. पण संध्याकाळी शेजारपाजारचे जीप बघायला येणार आणि दिवे मिणमिणते, हे माझ्याच्यानं सहन होईना. पाऊण वाजता मी सेल बदलायला बसलो. ताटात बघितलं. पानांची देठं, अक्षता, हळदीची पुडी. सेल नव्हता.

पहिल्यांदा मी टेबल बघितलं, मग फरशी, मग शर्टाचा खिसा. सवयीनं गुडघ्यावर बसलो आणि तिथंच बाळाची चकाकणारी मूठ आठवली. उठून एकेक विडा बघितला. गाडीवर रुपया, मशीनवर रुपया, विळीवर, डब्यावर, जीपवर. पाच ठिकाणी पाच. आईला विचारलं, पैशाच्या डब्यातनं किती काढलंतस? ती म्हणाली, पाचच की. मग बाळाला काय दिलंस? तर म्हणाली, ताटात अजून एक हाताला लागला, म्हटलं जादा आला असंल.

त्यावर मी जे बोललो ते लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

"तुला दिसत न्हाय, तर हात कशाला लावतीस?"

आईनं वर बघितलं. कुठं बघावं हे तिला कळत नव्हतं.

बहिणीला फोन लावला तर कन्नडातली बाई सांगायला लागली की फोन बंद आहे. बाळ त्याच्यावर गाणी बघत बसतं, चार्जिंग संपलं असणार. मग भावजींना लावला. पहिलं वाक्य दोनदा बोलावं लागलं. निपाणीच्या स्टँडवर जाऊन थांबा, प्रत्येक बस बघा, बाळाच्या हातात काही असेल तर काढून घ्या, आणि सरळ दवाखाना गाठा, असं सांगितलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, आईनं चुकून बाळाला सेल दिला. विचार करून बोललो असं नाही. तोंडातनं तेच निघालं.

गाडी काढली. चाकाखालचं लिंबू फुटलं, हँडलचा हार तसाच. हायवेला लागलो तेव्हा झेंडूच्या पाकळ्या उडून तोंडावर येत होत्या. काकती गेलं. मी हिशेब करत होतो, बस सव्वाबाराला सुटली असेल तर आता पंचेचाळीस मिनिटं झाली, मुठीतनं तोंडात जायला कितीसा वेळ लागतो. आणि मग लक्षात आलं की बस ओळखायची कशी? खंडेनवमीला प्रत्येक बसला पुढं केळीचे खुंट बांधलेले, काचेवर हारांच्या माळा, आणि नेमकी गावाची पाटी त्याच्यामागं झाकलेली. सगळ्या बसा एकसारख्या नवरदेव झालेल्या. मी एकेका बसच्या बाजूनं गाडी पळवत खिडक्यांत बघत होतो. एक धारवाडहून आलेली निघाली. एकीत देवीला निघालेल्या बायका होत्या. एका ड्रायव्हरनं मला कन्नडात शिवी हासडली, बरोबरच होतं त्याचं. यमकनमर्डीपाशी एका बसच्या खिडकीत भाचीसारखंच लाल टोपीचं बाळ दिसलं आणि मी जवळजवळ चाकाखालीच गेलो. ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

मी त्या दिवसापर्यंत देवाला काही मागत नव्हतो. हत्तरगी ते संकेश्वर सगळा रस्ता मागत गेलो. काय मागितलं ते सांगायला नको. त्यातलं अर्धं मी अजून फेडलेलं नाही.

संकेश्वरच्या स्टँडवर बस सापडली. ड्रायव्हर चहाला उतरला होता म्हणून सापडली. बहीण मधल्या बाकावर होती, बाळ मांडीवर झोपलेलं. तोंडातनं लाळ गळून झबल्याचा गळा ओला झालेला. दात येताना गळते तशी की घशात काही अडकल्यावर गळते तशी, हे मला कळेना. मूठ उघडी होती. रिकामी.

मी बहिणीला विचारलं, बाळाच्या हातातला रुपया कुठाय? ती म्हणाली, बसमध्ये चढताना होता, नंतर बघितला न्हाय, का रं अण्णा? तिला सांगितलं. ह्या वेळी ते वाक्य जास्त सरळ निघालं: आईनं रुपया समजून सेल दिला. बहीण उठताना तिची पिशवी सांडली, सीताफळं सगळ्या बसभर झाली. बाकाखाली, फळ्यांच्या फटीत जेवढं बघता आलं तेवढं बघितलं. मग कंडक्टर म्हणाला, बाई, आधी दवाखान्यात जावा.

स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यानं जवळचा दवाखाना दाखवला. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलेला, शटर अर्धं खाली. आतल्या नर्सनं सांगितलं की डॉक्टरबाई वर आहेत, येतील, पण एक्स-रेवाला पूजा करून घरी गेला. त्याला फोन केला. तो वीस मिनिटांनी नव्या शर्टात आला. ती वीस मिनिटं मी घड्याळाकडं बघायचं टाळलं आणि तरी प्रत्येक मिनिट मला माहीत होतं. बाळ जागं झालं होतं, रडत होतं, आणि त्याच्या रडण्याचा आवाज बसलाय का नाही, हे मी कान देऊन ऐकत होतो.

एक्स-रेच्या मशीनलाही हार होता. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं, आणि वर एक विडा, सुपारी, रुपया. तो माणूस दारात थबकला. कन्नडात म्हणाला की पूजा झाल्यावर हे उद्यापर्यंत सुरू करत नाहीत. मी काही बोलणार एवढ्यात त्यानं बाळाकडं बघितलं, मशीनला हात जोडले, विडा उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

शिशाचा जड कोट घालून बाळाचे दोन्ही हात मीच धरले. बहिणीला ते जमेना. बाळ किंचाळत होतं. मग सगळे पडद्यापाशी गेलो. बाळाच्या बारीक बारीक बरगड्या दिसल्या, आणि त्यांच्या वर, बरोबर गळ्यापाशी, एक पांढरा स्वच्छ गोल.

बहीण खाली बसली. मी भिंत धरली. डॉक्टरबाई पडद्याजवळ वाकल्या. बहिणीनं सांगितलेलं धरून त्यांनी विचारलं, दिसत नाही म्हणून आजीनंच रुपया समजून सेल दिला का? मी हो म्हणालो. तिसऱ्यांदा.

मग त्या वळल्या आणि बाळाच्या झबल्याच्या आत बोट घातलं. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा गोल ताईत बाहेर काढला. दृष्ट लागू नये म्हणून आईनंच बारशाला बांधलेला. एक्स-रेवाल्यानं कपाळावर हात मारला. घाईत तो काढायचा राहिला होता. ताईत काढून दुसरा फोटो घेतला, तोंडापासनं खालपर्यंत. काही नव्हतं. कुठंच काही नव्हतं. सेल बाळाच्या मुठीतनं बसमध्येच कुठंतरी गळून पडला असणार. बस तोवर निघून गेली होती, आणि तो सेल काही नंतर सापडला नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. लाज वाटली नाही. दवाखान्यातनं फोन केला होता, अर्ध्या तासानं भावजी हार घातलेला टेंपो घेऊन आले. त्यांनी बाळाला उचललं, छातीशी धरलं, आणि मला म्हणाले, आधी आईंचे डोळे दाखवा, आज थोडक्यात निभावलं. मी मान हलवली. तेव्हाच सांगता आलं असतं. माझ्या मनात वाक्यसुद्धा तयार होतं. पण नुकतंच सगळं शांत झालं होतं, आणि मला पुन्हा भ्या वाटलं. ह्या वेळी बाळासाठी नाही, माझ्यासाठी.

शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बाळ बरं असल्याचं कळवलं होतंच. घरी आलो तर ती त्याच जागेवर बसली होती. फरशीवर हात फिरवून फिरवून तिची बोटं काळी झाली होती. सेल इथंच पडला असला तर, म्हणून ती दुपारभर शोधत होती. मला एवढंच म्हणाली, काय खाल्लंस का? मी म्हणालो, खाल्लं. ते पण खोटंच होतं.

त्यानंतर आमच्या घरात ती गोष्ट ‘आईनं बाळाला सेल दिला तेव्हा’ अशीच सांगितली जायला लागली. बहीण सांगायची, भावजी सांगायचे, शेजारणी हळहळायच्या. आई ऐकून घ्यायची. एवढं एकदाच झालं असतं तर मी सोसलं असतं, पण तिचं वागणंच बदललं. भाची आली की कुणी शेजारी असल्याशिवाय तिला मांडीवर घेईना. भाजीवाल्याला पैसे देताना आधी माझ्याकडं हात पसरून विचारायची, हा रुपयाच न्हवं? मी हो म्हणायचो आणि आत जायचो. जीपचे दिवे मी काढून टाकले. तारा उपटताना पुढची जाळी तुटली, ती तशीच ठेवली.

थंडीत तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, उन्हाळ्यात दुसऱ्याचं. आता ती सुईत दोरा ओवते.

यंदाच्या खंडेनवमीला बहीण आणि भाची पुन्हा आल्या. भाची आता बोलते, जीपला ‘बुबू’ म्हणते. बहीण माजघरात तिची वेणी घालत होती. आई तसंच पितळी ताट घेऊन बसली, पानं पुसली, सुपाऱ्या मांडल्या. मी समोर बसून जीपवरची धूळ ब्रशनं झाडत होतो. रुपये ठेवायच्या आधी तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"बघ रं एकदा. तुझं काय टाकलं न्हाईस न्हवं ह्यात?"

माझा ब्रश थांबला. मी तिच्याकडं बघितलं. तीही माझ्याकडंच बघत होती, आणि आता तिला दिसत होतं.

"तुला माहीत होतं?"

"डोळं गेलतं माझं," ती म्हणाली. "कान न्हवतं गेलं. टण्णकन वाजलं की ताट."

मग वर्षभर बोलली का नाहीस, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण तो प्रश्न तिला विचारायचा नव्हताच. ती पुन्हा पानं पुसायला लागली होती. मी ब्रश खाली ठेवला आणि माजघराच्या दाराकडं तोंड करून बहिणीला हाक मारली. जरा हिकडं ये म्हणालो, वेणी राहू दे, तुला एक सांगायचंय. ती येईपर्यंत आई ताटात एकेक रुपया ठेवत होती.